नेटवर्क बूटसाठी केआ डीएचसीपी: पत्ता मिळतो, पण सर्व्हर बूट का होत नाही?

नेटवर्कवरून बूट होणाऱ्या सर्व्हरला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) तीनच गोष्टी हव्या असतात: स्वतःचा आयपी पत्ता, बूट फाइल ज्या मशिनवर आहे तिचा पत्ता आणि त्या फाइलचं नाव. कॉन्फिगरेशन त्यामुळे तसं छोटंच असतं. वेळ खातात ते स्विच आणि फर्मवेअर.

नव्या मांडणीत आयएससी डीएचसीपीडी हा जुना डीएचसीपी सर्व्हर घेऊ नका. त्याची देखभाल आयएससीनेच २०२२ अखेर थांबवली. त्याच संस्थेचा नवा सर्व्हर केआ वापरा. उदाहरणासाठी असं धरू: बूट होणारे सर्व्हर व्हीलॅन ५० मध्ये (व्हीलॅन म्हणजे स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क; इथे १९२.१६८.५०.०/२४), गेटवे १९२.१६८.५०.१, आणि केआ व टीएफटीपी (बूट फाइल देणारा साधा फाइल सर्व्हर) दोन्ही १९२.१६८.१०.५ वर, म्हणजे दुसऱ्या व्हीलॅनमध्ये. डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्टने (सगळ्यांना उद्देशून) जाते आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, म्हणून व्हीलॅन ५० च्या गेटवेवर डीएचसीपी रिले (मागणी पुढे पोचवणारी सोय) लावून त्यात १९२.१६८.१०.५ द्या. केआ उत्तर रिलेच्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.५०.१ ला पाठवतो. तिथपर्यंतचा रूट केआच्या मशिनवर आहे ना, हे आधीच पिंग करून पाहा.

केआच्या जेसन फाइलमध्ये सबनेट आणि पूल (समजा .१०० ते .१९९) लिहिल्यावर नेक्स्ट-सर्व्हरमध्ये टीएफटीपीचा आकडी पत्ता द्या; तिथे होस्टनेम चालत नाही. फक्त ऑप्शन ६६ (टीएफटीपी सर्व्हरचं नाव सांगणारा डीएचसीपीचा पर्याय) देऊन भागवू नका. पीएक्सई रॉम (नेटवर्क बूट करणारा कार्डातला प्रोग्रॅम) सहसा पॅकेटमधलं नेक्स्ट-सर्व्हरचं फील्डच बघतं.

फाइलचं नाव मात्र सगळ्यांना एकच देता येत नाही. क्लायंट आपली जात ऑप्शन ९३ मध्ये सांगतो: ० म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४ बिटचा यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर), ११ म्हणजे ६४ बिटचा आर्म. काही फर्मवेअर ७ ऐवजी ९ पाठवतात, तेव्हा दोन्ही आकडे एकाच क्लासमध्ये (केआच्या फाइलमधल्या, अटीनुसार केलेल्या क्लायंटच्या गटात) धरा. बायोसला अनडायओन्ली.केपीएक्सई, यूईएफआयला एसएनपीओन्ली.ईएफआय; दोन्ही फाइली आयपीएक्सई या बूट प्रोग्रॅमच्या. कार्डाचा ड्रायव्हर फर्मवेअरमधलाच वापरत असल्यामुळे नवीन २५ किंवा १०० गिगाबिटच्या कार्डांवर एसएनपीओन्ली कमी त्रास देतं. आर्मसाठी त्याचीच आर्मवर बांधलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं आयपीएक्सई फर्मवेअर नाकारेल. तिथे डिस्ट्रिब्युशनचं सही केलेलं शिम (पहिला छोटा बूटलोडर) द्या आणि ग्रब (पुढचा बूटलोडर) त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आयपीएक्सई चढल्यावर स्वतः पुन्हा डीएचसीपी मागतं. त्यालाही तीच फाइल मिळाली की ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा लोड करत बसतं. म्हणून चौथा क्लास: ऑप्शन ७७ मध्ये ‘आयपीएक्सई’ आलं तर फाइलऐवजी एचटीटीपीवरच्या स्क्रिप्टची यूआरएल. ती १२७ अक्षरांच्या आत ठेवा, कारण पॅकेटमधलं फाइलचं फील्ड १२८ बाइटचंच आहे. आधीच्या तिन्ही क्लासांत ‘आयपीएक्सई नसेल तर’ ही अट उघड लिहा. क्लासांच्या क्रमावर विसंबणं नंतर फाइल हाताळणाऱ्याला महागात पडतं.

कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलसोबत लोड होणारी सुरुवातीची फाइल सिस्टिम) एचटीटीपीवरूनच द्या. टीएफटीपीचा मूळ ब्लॉक ५१२ बाइटचा आणि ब्लॉक क्रमांक १६ बिटचा, त्यामुळे साध्या टीएफटीपीत सुमारे ३२ एमबीनंतर आकडे संपतात. आजचे इनिटआरडी त्याहून सहज मोठे असतात.

एकच सर्व्हर फर्मवेअर, आयपीएक्सई आणि इन्स्टॉलर अशा तीन रूपांत तीन वेगळे क्लायंट-आयडी पाठवू शकतो. मग एका मशिनच्या नावावर तीन लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेले पत्ते) चढतात आणि मॅकवर (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावर) राखून ठेवलेला पत्ता आधीच्या आयडीकडे अडकतो. सबनेटमध्ये मॅच-क्लायंट-आयडी फॉल्स करा, म्हणजे केआ मॅक पत्ताच ओळखीला धरेल. लीज १० ते १५ मिनिटांची पुरे.

जुन्या सल्ल्यांत उत्तरात ऑप्शन ६० मध्ये ‘पीएक्सईक्लायंट’ परत पाठवायला सांगितलेलं आढळतं. तसं करू नका. क्लायंट त्यावरून बूट सर्व्हरही इथेच आहे असं समजतो आणि पोर्ट ४०११ वर विचारत बसतो. तिथे ऐकणारं कोणी नसलं की गाडी अडकते. यूईएफआयच्या एचटीटीपी बूटचं उलट आहे: तिथे ‘एचटीटीपीक्लायंट’ परत पाठवावंच लागतं.

फाइल तपासायला केआ-डीएचसीपी४ ला मायनस टी पर्याय देऊन चालवा आणि मगच सर्व्हिस रीलोड करा.

आता स्विच. सर्व्हरच्या पोर्टवर एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट हवंच. नाहीतर जुन्या स्पॅनिंग ट्रीत (स्विचमधले लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) लिंक वर आल्यापासून पोर्ट चालू व्हायला ३० सेकंद लागतात, आणि फर्मवेअर, आयपीएक्सई, कर्नल अशा टप्प्यांवर लिंक पुन्हा पडली की ही वाट दर वेळी नव्याने बघावी लागते. ऑपरेटिंग सिस्टिम दोन पोर्ट एकत्र जोडणारा एलएसीपी बाँड वापरणार असेल तर आणखी एक पेच: बूट रॉमला एलएसीपी येत नाही, स्विच मात्र त्याचीच वाट पाहत पोर्ट बंद ठेवतो. सिस्कोच्या नेक्ससवर पोर्ट-चॅनेलमध्ये ‘नो एलएसीपी सस्पेंड-इंडिव्हिज्युअल’ द्या. अरिस्टावर एलएसीपी फॉलबॅक आहे. डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू असेल तर केआकडे जाणारं पोर्ट ट्रस्टेड करा.

तरीही बूट होत नसेल तर अंदाज बांधू नका, केआच्या मशिनवर टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारं साधन) लावून पोर्ट ६७, ६८ आणि ६९ बघा. डिस्कव्हर (क्लायंटची पहिली हाक) पोचतच नाही: दोष स्विचमध्ये किंवा रिलेत, स्क्रीनवर एरर पीएक्सई-ई५१, नव्या यूईएफआयवर ई१६. डिस्कव्हर पोचतं पण ऑफर (केआचं उत्तर) निघत नाही: रिलेचा पत्ता केआच्या कुठल्याच सबनेटमध्ये बसत नाही, लॉगमध्ये सबनेट निवडता आलं नाही असं दिसेल. ऑफर निघते पण रिक्वेस्ट येत नाही: परतीचा रूट बघा. ई५३ म्हणजे फाइलचं नावच गेलं नाही, म्हणजे कुठलाच क्लास जुळला नाही. ऑप्शन ९३ चा आकडा डंपमध्ये वाचा. ई३२ म्हणजे टीएफटीपीचं उत्तर आलं नाही. इथे बहुतेक वेळा फायरवॉल निघते: क्लायंटची पहिली मागणीच ६९ वर जाते, सर्व्हर उत्तर वेगळ्याच पोर्टवरून देतो, म्हणून नुसतं ६९ उघडून भागत नाही. फायरवॉलवर टीएफटीपीचा कनेक्शन ट्रॅकिंग हेल्पर (अशी उत्तरं ओळखून वाट देणारा भाग) चालू करावा लागतो.