दीर्घकाळ चाललेल्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक बदलताना

वर्षानुवर्षे चालत आलेल्या कथाबाह्य (म्हणजे मालिका नसलेल्या) कार्यक्रमाचा सूत्रसंचालक जाणार असे ठरले की वाहिनीच्या पहिल्याच बैठकीत नावांची यादी समोर येते. हा क्रम उलटा आहे. नाव शोधण्यापूर्वी कार्यक्रमाचे काय आणि माणसाचे काय, याची विभागणी झाली पाहिजे. जे जुन्या माणसाबरोबर जाणार आहे ते नव्याच्या गळ्यात घातले, तर तो पहिल्या भागापासून नक्कल करणारा ठरतो. आणि जे कार्यक्रमाचे आहे तेही नवेपणाच्या भरात काढून टाकले, तर प्रेक्षकाला आपला कार्यक्रम ओळखू येत नाही.

ही विभागणी अंदाजाने करू नये. वेगवेगळ्या वर्षांतले पाच-सहा भाग निवडून त्यांतील सूत्रसंचालकाचे प्रत्येक वाक्य लिहून काढावे आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटले तर चालेल का? ‘होम मिनिस्टर’ हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. झी मराठीवर 2004 ते 2022 चाललेल्या या कार्यक्रमात पैठणी, खेळ, उखाणे आणि घरच्या मंडळींच्या गप्पा हे सारे कार्यक्रमाचे होते. परंतु दार उघडणारी गृहिणी ‘या भावोजी’ म्हणते, ते नाते आदेश बांदेकरांचे होते. त्यांच्या गैरहजेरीत काही काळ जितेंद्र जोशी यांनी सूत्रसंचालन केले, तेव्हा पैठणीला धक्का लागला नाही, कारण पैठणी कोणाच्याही हातून देता येते. भावोजीपण मात्र असे सोपवता येत नाही. म्हणून नव्या व्यक्तीसाठी जुने नाते राखून ठेवण्याऐवजी तिचे वय, स्वभाव आणि बोली यांतून कोणते नाते सहज उभे राहील, हे आधीच ठरवावे. ती घरचा मुलगा असेल, थोरली बहीण असेल किंवा नुसती आदबशीर पाहुणी असेल. पण काहीतरी एक निश्चित असावे.

येथे कार्यक्रमाच्या प्रकाराचाही विचार करावा लागतो. प्रश्नमंजूषेत साचा इतका भक्कम असतो की माणूस बदलला तरी डोलारा उभा राहतो. करोडपतीच्या मराठी आवृत्तीत सचिन खेडेकर, स्वप्नील जोशी आणि नागराज मंजुळे हे तीन अगदी भिन्न प्रकृतीचे कलावंत येऊन गेले, तरी खेळाचे नियम, वाढत जाणारी रक्कम आणि समोर बसलेला स्पर्धक यांनी कार्यक्रम तोलून धरला. गाणे, प्रहसन, पाहुणे आणि प्रेक्षकांशी गप्पा असा बहुरंगी मामला असेल, तर या तुकड्यांना जोडणारा दुसरा धागाच नसतो. तेथे सूत्रसंचालक बदलणे म्हणजे जोडणीच नव्याने करणे होय, आणि तयारीला त्या मानाने वेळ द्यावा लागतो.

जाणाऱ्या माणसाची पडद्यामागची कामेही कागदावर यायला हवीत. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये निलेश साबळे केवळ सूत्रसंचालक नव्हते, लेखन आणि दिग्दर्शनही त्यांच्याकडे होते. अशा वेळी एक जागा रिकामी होत नाही, तीन होतात, आणि तिन्ही एकाच नव्या चेहऱ्याकडून भरून निघतील ही अपेक्षा त्या चेहऱ्यावर अन्याय करणारी असते. कोणते प्रहसन कोठे तोडायचे, कोणत्या कलाकाराला शेवटचा पंच द्यायचा, पाहुणा अवघडला तर कोणाला पुढे करायचे, हे निर्णय कोण घेत होते याची चौकशी दिग्दर्शन विभागापासून सेटवरचे काम सांभाळणाऱ्या फ्लोअर मॅनेजरपर्यंत सर्वांकडे करावी. त्याच कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हे वाक्य प्रेक्षकांच्या तोंडी बसले होते. 2024 मध्ये तेच वाक्य कलर्स मराठीवरील साबळे यांच्या नव्या कार्यक्रमाचे नाव झाले. 2025 मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ अभिजीत खांडकेकर यांना घेऊन परतले, तेव्हा कार्यक्रमाचे नाव वाहिनीकडे होते आणि परवलीचे वाक्य ज्याचे त्याच्याकडे. माझ्या मते ही वाटणी रास्तच आहे, पण अशा बाबी करार करतानाच स्पष्ट कराव्यात, निरोपाच्या आठवड्यात नव्हे.

निवड कशी करू नये, याचा सर्वांत बोलका धडा जर्मनीत मिळतो. झेडडीएफ वाहिनीवर 1981 मध्ये सुरू झालेल्या ‘वेटन, दस..?’ या शनिवारच्या थेट कार्यक्रमात सामान्य माणसे अचाट करामती करून दाखवण्याची पैज लावत आणि सोफ्यावर बसलेले नामवंत त्या पैजेचा निकाल वर्तवत. मूळ कल्पना फ्रँक एल्स्टनर यांची आणि पहिले सूत्रसंचालकही तेच. 1987 मध्ये टोमास गॉटशाल्क आले आणि त्यांनी एल्स्टनर यांची छाया न होता स्वतःच्या मोकळ्याढाकळ्या, भडक कपड्यांतल्या, वेळेचे बंधन न पाळणाऱ्या शैलीत कार्यक्रम चालवला. तो बदल यशस्वी झाला. 1992 मध्ये वोल्फगांग लिपर्ट यांच्याकडे दिलेला कार्यक्रम मात्र 1994 मध्ये पुन्हा गॉटशाल्क यांच्याकडे गेला. पुढे डिसेंबर 2010 मध्ये थेट प्रक्षेपणात एका स्पर्धकाला गंभीर अपघात झाला आणि गॉटशाल्क यांनी कार्यक्रम सोडण्याचा निर्णय जाहीर केला. मग उत्तराधिकाऱ्याची चर्चा उघड्यावर सुरू झाली. ज्यांचे नाव सर्वांत पुढे होते त्या हापे केर्केलिंग यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये याच कार्यक्रमाच्या मंचावरून आपण येणार नसल्याचे सांगितले. ऑक्टोबर 2012 मध्ये मार्कुस लांत्स उभे राहिले तेव्हा त्यांना एक कोटी तीस लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. पण पहिली पसंती दुसरीच होती हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक होते. प्रेक्षक घटत गेले आणि डिसेंबर 2014 मध्ये कार्यक्रम बंद करण्यात आला. केवळ त्या नकारामुळे हे घडले असे म्हणता येणार नाही, कारण काळही बदलला होता. तरीही यातून एक नियम निघतो: नव्या व्यक्तीचा लेखी होकार हाती येईपर्यंत एकही नाव बाहेर जाऊ देऊ नये, आणि जुन्याचा निरोप व नव्याची घोषणा यांत महिनोन्‌महिने जाऊ देऊ नयेत.

निरोप खरा असावा. अमेरिकेत एनबीसी वाहिनीने ‘द टुनाइट शो’ हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम जे लेनो यांच्याकडून कॉनन ओब्रायन यांच्याकडे जाईल, हे 2004 मध्येच, म्हणजे पाच वर्षे आधी ठरवून जाहीर केले होते. कागदावर योजना आदर्श होती. परंतु जून 2009 मध्ये ओब्रायन आल्यावर काही महिन्यांतच लेनो यांना त्याच वाहिनीवर रात्री दहाचा रोजचा कार्यक्रम देण्यात आला. तो चालला नाही, तेव्हा लेनो यांना पुन्हा साडेअकराच्या सुमारास आणून ‘टुनाइट’ मध्यरात्रीनंतर ढकलण्याचा प्रस्ताव पुढे आला. ओब्रायन यांनी तो नाकारला आणि जानेवारी 2010 मध्ये ते बाहेर पडले. जुन्या सूत्रसंचालकाला सन्मानाने निरोपाचा भाग द्यावा, त्याच्या हातून नव्याचे स्वागत करवावे, पण निदान एक पूर्ण पर्व त्याच वाहिनीवर तशाच स्वरूपाचे काम देऊ नये. अन्यथा प्रत्येक पडत्या टीआरपीच्या दिवशी सर्वांच्या नजरा शेजारच्या स्टुडिओकडे वळतात.

चाचणी घेताना कॅमेऱ्यासमोर ओळी म्हणायला लावणे पुरेसे नाही. सेट, दिवे, इअरपीस आणि खरे प्रेक्षक यांच्यासह अर्ध्या तासाचे चित्रीकरण करावे, त्यात मुद्दाम एक प्रहसन पडू द्यावे, माइक बंद पडू द्यावा, आणि मग ते चित्रीकरण आवाज बंद करून पाहावे. दुसरा कलाकार बोलत असताना या व्यक्तीचा चेहरा काय करतो? ती ऐकते आहे की आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहते आहे? बोलणे शिकवता येते, टेलिप्रॉम्प्टरची सवय होते. दुसऱ्याच्या विनोदावर मनापासून हसणे शिकवून येत नाही. उमेदवारांपैकी एखादा नामवंत असेल तर ही कसोटी टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा.

जुन्या कलाकारांच्या संचाशी नव्या व्यक्तीची भेट पहिल्या चित्रीकरणाच्या दिवशी घडवू नये. तालमी आधीपासून एकत्र व्हाव्यात, लेखकांनी तिच्यासोबत बसून तिच्या तोंडी बसणारी भाषा शोधावी, आणि दिवसाला दोन भाग उरकण्याची पद्धत असली तरी सुरुवातीचे काही भाग दिवसाला एकच ठेवावेत. एखाद्या विभागाचे नाव जुन्या माणसाशी जोडलेले असेल तर ते बदलावे. ‘बिग बॉस मराठी’मध्ये महेश मांजरेकरांच्या काळातली शनिवार-रविवारची ‘चावडी’ रितेश देशमुख आल्यावर 2024 मध्ये ‘भाऊचा धक्का’ झाली. काम तेच राहिले आणि नाव नव्या माणसाचे झाले. पहिल्या भागात आधीच्या सूत्रसंचालकाचा उल्लेख एकदा, कृतज्ञतेने आणि थोडक्यात करावा. तुलनेबद्दल आगाऊ क्षमा मागणारी वाक्ये लिहून देऊ नयेत.

त्यानंतर वेळ द्यावा. दक्षिण कोरियातील केबीएसची राष्ट्रीय गायन स्पर्धा सोंग हे यांनी 1988 पासून जवळपास सलग, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी 2022 मध्ये निधन होईपर्यंत चालवली. त्यांच्या जागी आलेल्या किम शिन-यंग यांना दीड वर्षातच, मार्च 2024 मध्ये, बदलण्यात आले. तीन दशकांच्या सवयीला दीड वर्षाची मुदत फारच अपुरी आहे. पहिल्या आठवड्याचे आकडे कुतूहलाचे असतात आणि दुसऱ्या महिन्याचे निराशेचे. निर्णय घ्यायचाच असेल तर निदान एका पूर्ण पर्वाचे आकडे हाती येऊ द्यावेत, आणि तोवर समाजमाध्यमांवरील तुलना नव्या व्यक्तीपर्यंत रोज पोहोचवण्याचे काम निर्मिती विभागाने तरी करू नये.

नवी व्यक्ती स्थिरावली की वर्षातून काही भाग दुसऱ्या कोणाकडे द्यायला सुरुवात करावी. 2005 च्या अखेरीस अमिताभ बच्चन आजारी पडले आणि 2006 च्या सुरुवातीला ‘कौन बनेगा करोडपती’चे दुसरे पर्वच मध्येच थांबवावे लागले, कारण त्या खुर्चीत दुसरे कोणी बसलेले प्रेक्षकांनी तोवर पाहिलेच नव्हते. बदली सूत्रसंचालकाचे हे भाग सुट्टीची तडजोड म्हणून नव्हे, तर जाहीर करून, प्रोमोसह दाखवावेत, आणि त्या भागांसाठीचा मोबदला व मानधनाच्या अटी मूळ करारातच लिहाव्यात.