ओहोळातल्या कुर्लीचा डीएनए नमुना: पाय कसा कापावा, जागा कशी नोंदवावी

क्रेफिश म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे, नांग्या असलेले गोड्या पाण्यातले प्राणी. भारतात मूळचे क्रेफिश नाहीत. पण युरोपातल्या पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशबद्दल अभ्यासक जो प्रश्न विचारतात, तोच गोव्यात ओहोळातल्या कुर्लीला, म्हणजे खेकड्याला, लागू पडतो: कुठल्या डोंगरावरची कुर्ली कुठल्या डोंगरावरच्या कुर्लीपेक्षा वेगळी? गोड्या पाण्यातल्या कुर्लीची पिल्लं समुद्री कुर्लीसारखी तरंगत दूर जात नाहीत. अंड्यातून थेट चिमुकली कुर्लीच निघते आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहते. म्हणून नमुना घेताना तालुका नव्हे, ओहोळ हे एकक धरा. दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्याचं पाणी झुआरी नदीला जातं, खोतीगाव अभयारण्याचं तळपण नदीला. दोन्हीकडचे पाय एकाच कुपीत पडले तर सगळी मेहनत वाया.

अभयारण्यात शिरण्याआधी वन खात्याची लेखी परवानगी घ्या. बाहेरच्या जागांसाठीही राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी चौकशी करा.

जून ते सप्टेंबर हा हंगाम चांगला, पण पाऊस थांबून पाणी जरा निवळलं की संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन निघावं. चढत्या पाण्यात ओहोळात उतरू नका. दगड उचलला की तो होता तसाच परत ठेवा, कारण त्याखालची ओली जागा हेच तिचं घर. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी सोडून द्या. एकाच डबक्यातल्या लहानग्या बहुधा भावंडं असतात, तेव्हा दोन नमुन्यांत निदान दहा मीटर अंतर राखून प्रौढच निवडा. ओहोळामागे ५ ते १० पुरेत. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा जनुक फक्त आईकडून येतो, म्हणून तो आईचीच बाजू दाखवतो. वस्तीतली विविधता मोजायची असेल तर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) लागतात, आणि त्यासाठी २० च्या आसपास नमुने हवेत.

कुर्लीला मागून, पाठीच्या दोन्ही कडांवर अंगठा आणि तर्जनी ठेवून धरा. नांगी कापू नका, तिच्यावर तिचं खाणं आणि भांडणं अवलंबून असतात. शेवटचा चालायचा पाय घ्या. चिमट्याने दाबला की ती बहुतेक वेळा स्वतःच तो मुळाशी सोडून देते, आणि कात टाकताना तो पुन्हा वाढतो. त्या पायाच्या मधल्या पेराचं कवच कात्रीने उभं चिरा. हे बरेच जण विसरतात, मग अल्कोहोल आत शिरत नाही आणि मांस कुजतं. आतलं तांदळाच्या दाण्याएवढं मांस २ मिलीच्या कुपीत १.५ मिली इथाइल अल्कोहोलमध्ये टाका. अल्कोहोल ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध हवं. फॉर्मॅलिनने डीएनए बिघडतो. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला, कारण मांसातलं पाणी ते पातळ करतं. मग कुप्या थंडीत ठेवा. दर नमुन्यानंतर कात्री ब्लीचने, पाण्याने आणि अल्कोहोलने पुसा.

कुपीत कागदाची चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर नमुना क्रमांक आणि तारीख. वहीत ओहोळाचं नाव, उंची आणि दशांश अंशांत, चिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत, अक्षांश-रेखांश लिहा. झाडीखाली फोनची जागा दहा मीटर किंवा जास्त चुकू शकते, म्हणून दोनदा नोंदवा.

प्रयोगशाळेत सीओआय जनुकाचा (मायटोकॉन्ड्रियातला, जात ओळखायला वापरतात तो) ६५८ बेसचा, म्हणजे ६५८ डीएनए-अक्षरांचा, तुकडा मिळाला की लगेच खूश होऊ नका. खेकड्यांत आणि क्रेफिशमध्ये त्याच जनुकाच्या खोट्या प्रती पेशीच्या केंद्रकात बसलेल्या असतात. अनुक्रमात मध्येच थांबा सांगणारा कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) दिसला तर तो नमुना बाद करा आणि मायटोकॉन्ड्रियातल्याच १६एस या दुसऱ्या जनुकाने पडताळा घ्या. हे न केल्यास एकाच जातीच्या दोन जाती दिसतात.

नकाशावर फक्त सापडलेल्या जागा लावल्या तर चित्र खोटं होतं. अर्धा तास शोधूनही कुर्ली न दिसलेला ओहोळही तारखेसकट लिहा. आययूसीएनच्या (धोक्यातल्या जातींची यादी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मोजणीत २×२ किलोमीटरचे चौकोन धरतात, आणि व्याप्त क्षेत्राच्या निकषावर संकटग्रस्त ठरायला ते क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असावं लागतं. एखादा ओहोळ चुकीच्या चौकोनात पडला तरी हिशेब बदलतो.

मत्स्यालयातून आणलेला क्रेफिश ओहोळात कधीही सोडू नका. संगमरवरी क्रेफिशची एकटी मादीही नराशिवाय पिल्लं घालते. युरोपात अमेरिकन क्रेफिशांबरोबर आलेल्या बुरशीसारख्या जीवाच्या रोगाने तिथल्या मूळच्या वस्त्याच्या वस्त्या संपल्या. एका ओहोळातून दुसऱ्याकडे जाताना जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा.