खाड्यांच्या वाटेने: अलिबाग ते रत्नागिरी सायकलची तयारी

फक्त सायकलींसाठी राखलेला, मोटारींना मज्जाव असलेला लांब पल्ल्याचा रस्ता महाराष्ट्रात नाही. युरोपात नदीकाठाने आणि बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून असे रस्ते काढलेत. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी वाट म्हणजे अलिबागच्या खालचा किनारा, आणि तिथल्या शांततेचं श्रेय खाड्यांचं आहे. अलिबागहून रत्नागिरीला किनाऱ्याने जाताना चार ठिकाणी फेरीबोटीत चढावं लागतं: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. लांबचे ट्रक आणि घाईतली माणसं त्या भानगडीत न पडता मुंबई-गोवा महामार्ग धरतात. किनाऱ्याचा रस्ता मग गावच्या दुचाक्या, सहा आसनी रिक्षा आणि गुरांपुरता उरतो. खाड्यांवर पूल बांधायचं घाटतंय ते झालं की हे बदलणार, त्यामुळे जायचं असेल तर पुढच्या पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका.

सामान काढण्याआधी तारखा ठरवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. मार्चपासून ऊन आणि दमटपणा मिळून माणसाला नऊ वाजताच सावलीला बसवतात, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो सुसाट असतात. हिवाळ्यातही दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा सोडा; त्या दिवसांत काशीदला सायकल ढकलायलाही जागा मिळत नाही. अलिबाग ते मुरूड हा पहिला टप्पा शनिवार-रविवारी मुंबईकरांचा असतो, म्हणून निघायचं ते सोमवारी सकाळी. शिमग्याच्या दिवसांत गेलात तर पालख्या बघायला मिळतील, पण वाटेत पोरं दोरी धरून पोस्त (सणाचे पैसे) मागायला उभी असतात, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे अशीच ठेवा. दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुतेक वायव्येचा असतो, तो मग तोंडावर येत नाही.

अंतर सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पाच दिवस धरा. सपाटीवर रोज शंभर किलोमीटर करणारे याला हसतात. पण इथे सपाटी आहे कुठे? खाडी समुद्रसपाटीला, गाव सोडलं की जांभ्यातून काढलेला उभा चढ, वर मोकळा सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आणि सड्यावर श्वास सरळ होईपर्यंत पुढच्या खाडीकडे उतार. एक चढ फार मोठा नसतो, पण दिवसभरात त्यांची बेरीज हजार मीटरपर्यंत सहज जाते. मुक्काम साधारण असे पडतात: मुरूड, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, हर्णै-कर्दे परिसर, गुहागर आणि शेवटी रत्नागिरी. खोली ठरवताना एक बघा. मुरूड नावाची दोन गावं या एकाच वाटेवर आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोली तालुक्यातलं. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे घरगुती राहण्याची सोय. फोनवर तालुका विचारून घ्या.

रस्त्यांची निवड हा तयारीतला सगळ्यांत मजेचा भाग, आणि त्यात कंजुषी करू नये. दिघीहून दिवेआगरला आलात की श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने जाऊ नका, शेखाडीवरून जा. समुद्र उजव्या हाताला इतका जवळ असतो की मध्ये फक्त खडक. केळशीहून आडे, पाडलेवरून आंजर्ल्याला येणारा रस्ताही तसाच. तो घाईने संपवण्यात अर्थ नाही, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ आहेच. गुहागरच्या पुढे पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं. हा दिवस पायांना सगळ्यांत जड जातो, तरी सगळ्या वाटेत मला तोच जास्त आवडतो. शेवटी गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला निवळीमार्गे न जाता आरे-वारेचा रस्ता धरा. मोबाईलवरचा नकाशा मोटारीच्या हिशोबाने विचार करतो, जरा दुर्लक्ष झालं की महामार्गाकडे वळवतो. म्हणून आपला मार्ग आधी आखून फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवर्कशिवाय उघडेल असा. सड्यांवर नेटवर्क असतं, खाडीत उतरलं की जातं.

फेरीबोटींचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी जेट्टीवर फोन करून पहिली आणि शेवटची वेळ विचारा. सायकलीला जागा नेहमीच मिळते, मोटारींची रांग टाळून सरळ पुढे जाता येतं. दाभोळची शेवटची बोट चुकली तर पलीकडचं धोपावे डोळ्यांसमोर दिसत असतं आणि रस्त्याने जायचं म्हटलं तर चिपळूणच्या बाजूने शंभरेक किलोमीटरचा फेरा पडतो. जेट्टीचे उतार शेवाळलेले असतात, तिथे सायकल हातात धरूनच चाला. बोटीत गाडी स्टँडवर सोडून फोटो काढायला जाऊ नका, रेलिंगला टेकवून बांधायला एक लवचीक दोरी ठेवा.

आता सायकल. चढ बघता पुढचं लहान चक्र आणि मागचं सगळ्यांत मोठं चक्र जवळपास सारख्या दात्यांचं हवं; पुढे तीस-बत्तीस आणि मागे चौतीस असेल तर गुडघे दुवा देतील. टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद. डांबर बऱ्याच ठिकाणी उत्तम आहे, पण वळणावर अचानक खडी किंवा लाल माती पसरलेली मिळते आणि तीही उतारावर. त्यासाठीच ब्रेक पॅड निघण्यापूर्वी नवे घाला, जुने अजून चालतील असं कुणी म्हणालं तरी. सामान पाठीवर घेऊ नका. कॅरिअर बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पॅनियर (पिशव्या) लावा, सात-आठ किलोच्या आत ठेवा. आणि सराव त्या ओझ्यासकट करा. पुणेकरांना कात्रजचा जुना घाट आहे, मुंबईकरांना येऊर. रिकाम्या सायकलवरचा सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

दुरुस्तीच्या पिशवीवर मी थोडा जास्त हट्टी आहे. रस्ता मोकळा असल्याचा दुसरा अर्थ असा की बंद पडलात तर तासभर कुणी येणार नाही. गावांत पंक्चरवाले आहेत, पण ते मोटरसायकलचे. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला लागत नाही. पितळेचा छोटासा अडॅप्टर मिळतो तो व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. दोन जादा ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, हातपंप, साखळी तोडायची सोय असलेला मल्टिटूल, साखळीची जोडकडी, गिअरची एक केबल, थोड्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि तुमच्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा. हा शेवटचा तुकडा वजनाने नगण्य असतो, पण मोडला तर दापोली-गुहागरमध्ये सापडण्याची आशा ठेवू नका. साखळीचं तेल छोट्या बाटलीत, सोबत जुन्या बनियनचं फडकं.

तेल का, तर खारा वारा. रोज मुक्कामाला पोचल्यावर अंघोळीआधी सायकलवर गोडं पाणी मारा, साखळी पुसा, तेलाचा थेंब थेंब सोडा. पुळणीवर सायकल चालवायचा मोह कर्द्याला हमखास होतो, ओहोटीला तिथली वाळू घट्ट असते. हौस करायचीच असेल तर भरतीचा हिशोब ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. त्यानंतर मात्र सायकल नीट धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

पाणी दोन बाटल्या पुरत नाही, पॅनियरमध्ये लिटरभर जादा हवं. सड्यावर सावली नाही, दुकान नाही, विहीर दिसली तरी पोहरा नसतो. ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, केळी. कोकमाचं सरबत आणि शहाळं वाटेत मिळत राहील. जेवणाचं तंत्र वेगळं आहे. घरगुती खानावळीत ऐनवेळी गेलात तर चहा मिळेल, ताट मिळणार नाही. सकाळीच फोन करून शाकाहारी की मासे, किती माणसं, किती वाजता हे सांगायचं. लवकर निघणार असाल तर रात्रीच यजमानांना न्याहारीचं विचारा. घावन-चटणी सहाला मिळाली तर भाग्य, नाहीतर पाव आणि केळी जवळ असू द्या. पैसे रोख ठेवा, दहा ते पन्नासच्या नोटांत. क्यूआर कोड टपरीवर चिकटवलेला असतो, रेंज चिकटवता येत नाही.

कपडे थोडे: दोन पॅडवाल्या चड्ड्या, हातांना उन्हाच्या बाह्या, एक पूर्ण पँट देवळांसाठी आणि गावात फिरायला. हेल्मेट अर्थातच. आधारकार्डाची प्रत खोली घेताना लागते. औषधांत खरचटल्यावर लावायचं मलम, बँडेज आणि रोजची गोळी असेल ती. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. पुढचा-मागचा दिवा लावा, पण अंधारात चालवायचं म्हणून नव्हे. डिसेंबरात सहानंतर लवकर काळोख होतो, आणि डांबर दिवसभराचं ऊब धरून असतं म्हणून गुरं त्यावरच बसतात.

जाण्या-येण्याचं आधी ठरवा. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने सायकलसकट जाता येतं. पनवेल-पेणचा रस्ता टळतो, तिथे रहदारीशिवाय बघण्यासारखं काही नाही. पुण्याहून येणारे ताम्हिणी उतरून माणगावमार्गे थेट दिघीला येऊ शकतात, पहिला टप्पा गाळून. परतीला रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर, चढावर आहे, तेवढा दम शिल्लक ठेवा. रेल्वेने सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून नोंदवावी लागते, त्यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी पोचा आणि तिच्यावर नाव-नंबर लिहिलेला पुठ्ठा बांधा. खासगी बसच्या डिकीत टाकायची असेल तर तिकीट काढतानाच बोलून घ्या. पुढचं चाक आणि पेडलं काढावी लागतात, म्हणून पेडलचा पाना सोबत हवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घरी एकदा सोडवून, ग्रीस लावून परत बसवा.