व्हिस्कीचा अभिप्राय देताना आणि संग्रह करताना या चुका टाळा

कोल्हापुरात सिंगल मॉल्टची, म्हणजे एकाच कारखान्यात नुसत्या मॉल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून) केलेल्या व्हिस्कीची, गोडी लागलेली मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. ताराबाई पार्कातल्या एखाद्या गच्चीवर किंवा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या फार्महाउसवर अधूनमधून बैठक जमते, प्रत्येक जण आपल्या कपाटातली एक बाटली घेऊन येतो आणि कोणती सरस, कोणती नुसतीच महाग, यावर रात्री उशिरापर्यंत हिरिरीने बोलणे चालते. अशा बैठकांतले बहुतेक वाद आवडीनिवडीतून उद्भवत नाहीत, असे माझे मत आहे. दोघे जण प्रत्यक्षात वेगवेगळ्या बाटल्यांविषयी किंवा अगदी भिन्न स्थितीत घेतलेल्या घोटांविषयी बोलत असतात आणि ते दोघांच्याही ध्यानात आलेले नसते. बाटलीवरचा तपशील, पाण्याचे प्रमाण आणि त्याआधी काय खाल्ले होते, एवढे सांगितल्याशिवाय दिलेला अभिप्राय दुसऱ्याच्या काही उपयोगी पडत नाही.

तांबड्या रश्श्यानंतर चव ठरवणे

कोल्हापुरात ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बैठकीत मटणाचे ताट आधी वाढले जाते किंवा चकण्यात झणझणीत सुके मटण असते आणि त्यानंतर उघडलेल्या बाटलीबद्दल ‘फार जळजळीत आहे, गुळगुळीतपणा नाही’ असा निकाल दिला जातो. यामागे शरीराचे साधे गणित आहे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातल्या टीआरपीव्ही१ नावाच्या संवेदनग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवते. हा ग्राहक एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता जाणवून देण्याचे काम करतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की अल्कोहोलमुळे याच ग्राहकाचा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो, म्हणजे शरीराचे नेहमीचे तापमानसुद्धा त्याला भाजल्यासारखे वाटू लागते. तिखटाने आधीच चेतलेल्या तोंडात ५८ टक्के अल्कोहोलची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली) व्हिस्की घेतली, तर आगीपलीकडे काही कळण्याची शक्यताच उरत नाही, आणि त्यात व्हिस्कीचा दोष नसतो.

पांढरा रस्सा तिखट नसतो, म्हणून तो चालेल असे अनेकांना वाटते. परंतु नारळाच्या दुधाचा आणि मटणाच्या अळणीचा स्निग्धपणा जिभेवर बराच वेळ राहतो आणि त्याखाली नाजूक फळांच्या व फुलांच्या छटा दबून जातात. मसाला पापड, कांदा-लिंबू, फरसाण यांचेही तसेच आहे. ज्यावर मत द्यायचे आहे ती व्हिस्की जेवणाआधी, शक्यतो संध्याकाळी लवकर घ्यावी. सोबत साधे पाणी आणि फार तर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे ठेवावेत. एका बैठकीत तीनपेक्षा अधिक नमुन्यांवर मत देऊ नये आणि प्रत्येक नमुना १५ मिलिलिटरच्या आसपास असावा. मोठा पेग, म्हणजे ६० मिलिलिटर, हे मद्यपानाचे माप आहे. पारख करण्यासाठी त्याची गरज नाही. तिसऱ्या मोठ्या पेगनंतर ज्याला त्याला सर्वच बाटल्या उत्तम वाटू लागतात, आणि त्या वेळी नोंदवलेले गुण दुसऱ्या दिवशी रद्द समजावेत.

नाव एक, बाटल्या दोन

समजा, घरातला एक भाऊ लंडनहून लाफ्रॉइग ही दहा वर्षे मुरलेली स्कॉच घेऊन आला आणि दुसरा अमेरिकेहून तीच घेऊन आला. एकाला ती भरदार वाटते, दुसऱ्याला पातळ, आणि कोणाची जीभ खरी यावर जुंपते. लेबलाच्या खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा मात्र कोणी वाचत नाही. ब्रिटनमध्ये ही व्हिस्की ४० टक्के अल्कोहोलची आणि अमेरिकेत ४३ टक्क्यांची विकली जाते. तीन टक्क्यांचा फरक ऐकायला लहान वाटला, तरी तोंडातला भरीवपणा त्याने निश्चित बदलतो. भारतात तयार होणाऱ्या बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या असतात, तर अनेक सिंगल मॉल्ट ४६ किंवा त्याहून अधिक टक्क्यांवर भरल्या जातात. तुलना करायची असेल, तर आधी दोन्ही पेल्यांत पाणी घालून अल्कोहोलचे प्रमाण साधारण समान करावे आणि मगच बोलावे.

४६ या आकड्यामागे एक कारणही आहे. व्हिस्कीत काही मेदाम्लांचे एस्टर असतात. अल्कोहोल कमी झाले किंवा पेला गार झाला की ते विरघळलेले राहत नाहीत आणि द्रव किंचित गढूळ दिसतो. हे टाळण्यासाठी पुष्कळ कारखाने व्हिस्की थंड करून गाळतात, तर ४६ टक्क्यांवर भरणारे अनेक जण ही गाळणी वगळतात. त्यामुळे अशा बाटलीतली व्हिस्की बर्फ टाकताच धूसर झाली, तर ती बनावट किंवा खराब आहे असा समज करून घेऊ नये आणि दुकानदाराशी भांडू नये.

पाण्याला अपमान समजणे

‘पाणी घातले म्हणजे व्हिस्की वाया घालवली’ असे ठासून सांगणारा एक तरी जण प्रत्येक बैठकीत असतो. २०१७ साली स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील दोन संशोधकांनी संगणकीय पद्धतीने ग्वायकोल या धुराच्या वासाशी निगडित रेणूचा अभ्यास केला. अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असताना हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, आणि ५९ टक्क्यांच्या वर तो अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ओढला जातो, असे त्यांना आढळले. म्हणजेच कास्क स्ट्रेंग्थमध्ये पाणी घातल्याने वास मोकळा होतो, या जुन्या अनुभवाला शास्त्राचा आधार आहे. पाणी मात्र ड्रॉपरने किंवा चहाच्या चमच्याने, थोडे थोडे आणि प्रत्येक वेळी हुंगून घालावे. बोअरच्या जड पाण्याऐवजी गाळलेले, वास नसलेले पाणी घ्यावे. क्लोरीनचा वास असलेल्या नळाच्या पाण्याने चांगल्या मॉल्टचे फार नुकसान होते.

बर्फाबद्दल थोडक्यात एवढेच, की कडक उन्हाळ्यात कोणी आनंदासाठी बर्फ घालून घेत असेल तर त्याला हरकत असण्याचे कारण नाही. परंतु गारव्याने वास मिटतो, म्हणून बर्फ घातलेल्या पेल्यावरून अभिप्राय लिहू नये. पेला वर निमुळता असावा. २००१ साली आलेला ग्लेनकेअर्न पेला यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि तो नसेल तर लहानसा वाइनचा पेलाही चालतो.

वयाचा आणि रंगाचा दबदबा

स्कॉच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते आणि लेबलावरचे वय हे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. एवढे माहीत असूनही ‘अठरा वर्षांची म्हणजे बारा वर्षांच्या दीडपट चांगली’ या हिशेबाने बोलले जाते. त्यातही आपल्याकडच्या मॉल्टवर अन्याय होतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो, तर बंगळुरूच्या हवेत हे प्रमाण १० ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. उष्णतेमुळे लाकडाशी होणारी देवाणघेवाणही वेगाने घडते. त्यामुळे २००४ साली ग्लासगोमध्ये प्रथम सादर झालेल्या अमृत सिंगल मॉल्टला किंवा गोव्याच्या पॉल जॉनला ‘वयच लिहिलेले नाही’ म्हणून खालच्या पंक्तीत बसवणे सर्वस्वी चुकीचे आहे. पाच-सहा वर्षांत आपल्या हवामानात जे पिकते, त्याला तिकडच्या वर्षांची फूटपट्टी लावताच येत नाही.

रंगाबाबत तर अधिक सावध राहावे. स्कॉचमध्ये ई१५०ए हे रंग देणारे कॅरमेल कायद्याने चालते, त्यामुळे गडद तांबूस रंग दिसला म्हणजे ती शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपात मुरली असा निष्कर्ष निघत नाही. या बाबतीत आमच्या ओळखीतले एक गृहस्थ नमुने निळ्या काचेच्या लहान पेल्यांतून देतात, आणि रंग दिसेनासा होताच बैठकीतल्या मतांत किती उलथापालथ होते ते प्रत्येकाने एकदा पाहण्यासारखे आहे.

पीपीएमचा आकडा वाचून धूर ठरवणे

‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणणाऱ्या या गावात पीटेड, म्हणजे पीट या दलदलीतल्या जळणाच्या धुरावर वाळवलेल्या मॉल्टच्या, व्हिस्कीला चाहते मिळणारच. आर्डबेग ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग), लागावुलिन ३५ पीपीएम, ऑक्टोमोर १०० च्याही वर, असे आकडे तोंडपाठ असतात आणि त्यावरून कोणती अधिक धुराची हे बाटली न उघडताच ठरवले जाते. हा आकडा धुराचा वास देणाऱ्या फिनॉलचे प्रमाण दाखवतो खरा, परंतु तो धुरावलेल्या मॉल्टमधला असतो, बाटलीतल्या व्हिस्कीतला नसतो. मॉल्ट भिजवताना, ऊर्ध्वपातन करताना आणि पुढे पिंपात वर्षे काढताना त्यातला मोठा भाग कमी होतो. ऊर्ध्वपातनातला मधला, व्हिस्कीसाठी घेतला जाणारा भाग नेमका कधी थांबवायचा यावरही धुराचे प्रमाण ठरते, कारण जड फिनॉल शेवटाकडे येतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागावुलिन आणि कोल इला या दोन्ही कारखान्यांना पोर्ट एलनच्या मॉल्टघरातून जवळजवळ सारख्याच धुराचा मॉल्ट जातो. तरीही एकीचा धूर घट्ट आणि गोडसर, तर दुसरीचा हलका आणि खारट लागतो. हे दोन पेले शेजारी ठेवून प्यायल्यावर ‘भावा, ह्यात धूरच कमी घातलाय’ हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही.

कपाटातल्या चुका

वाइनची सवय असलेले काही जण व्हिस्कीच्या बाटल्याही आडव्या ठेवतात. व्हिस्कीतले तीव्र अल्कोहोल बुचाला सतत लागत राहिले की बूच भुसभुशीत होते, म्हणून बाटली नेहमी उभीच ठेवावी. दिवाणखान्यातले काचेचे शोकेस हे संग्रहाचे दुसरे वैरी आहे. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात एक-दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीचे लेबल फिकट होते आणि आतल्या द्रवाचा रंगही उतरतो. ज्यांच्या बाटल्यांना खोके किंवा डबा आहे, त्यांनी तो फेकू नये. त्यातच बाटली ठेवून लाकडी कपाटाच्या आतल्या बाजूला लावावी.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा इतका असतो की बंद कपाटात लेबलांवर बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळताच दारे थोडी मोकळी करावीत. पंचगंगेच्या पूररेषेत राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर ध्यानात ठेवून संग्रह तळमजल्यावर ठेवू नये. पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली सीलबंद दिसत असली तरी पिऊ नये, कारण बुचाच्या कडेने दूषित पाणी आत शिरले की नाही हे बाहेरून कळत नाही.

उघडलेल्या बाटलीत जितकी हवा अधिक, तितकी चव लवकर उतरते. अर्ध्याहून कमी उरलेली व्हिस्की लहान, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी आणि तिच्यावर नाव, टक्केवारी व उघडल्याची तारीख लिहावी. एखाद्याने तळाला उरलेली, दोन वर्षे उघडी असलेली व्हिस्की चाखून त्या ब्रँडला नावे ठेवली, तर ते मत त्या बाटलीपुरतेच धरावे.

गोव्याची बाटली, बनावट बाटली

आंबोली किंवा गगनबावड्याच्या घाटाने गोवा जवळ असल्यामुळे स्वस्त बाटल्या आणण्याचा मोह होतो. ज्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असे छापलेले असते, ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, मग ती एकच असो किंवा घरच्या संग्रहासाठी असो. महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, पिण्याचा परवानाही लागतो, आणि परवान्यावर किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे. ज्यांचा संग्रह वाढत चालला आहे, त्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन आपली मर्यादा नीट समजून घ्यावी. ‘पाच वर्षांनी दुप्पट भावाने विकू’ हा हिशेबही येथे लागू पडत नाही, कारण परवान्याशिवाय खासगी व्यक्तीला मद्य विकता येत नाही. प्यायची असेल तीच बाटली विकत घ्यावी.

जुन्या आणि दुर्मिळ बाटल्यांच्या मागे लागणाऱ्यांनी दोन घटना वाचून ठेवाव्यात. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलात १८७८ ची म्हणून उघडलेल्या मॅकॅलन या स्कॉचच्या एका पेल्यासाठी सुमारे १०,००० स्विस फ्रँक मोजले गेले. कार्बन चाचणीत ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची निघाली आणि ती सिंगल मॉल्टही नव्हती. २०१८ साली स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेत दुर्मिळ म्हणवल्या जाणाऱ्या ५५ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांपैकी २१ बनावट ठरल्या. आपल्याकडची बनावटगिरी याहून साधी असते: रिकाम्या महागड्या बाटल्या भंगारात जातात आणि स्वस्त मालाने भरून परत येतात. त्यामुळे संपलेली बाटली देताना लेबल खरवडून काढावे, बूच वेगळे करावे आणि खोके फाडून टाकावे. खरेदी करताना सीलची कड, लेबलाचा छपाईचा ठसा आणि मानेतली द्रवाची पातळी पाहावी. त्याच ब्रँडच्या दोन सीलबंद बाटल्यांतली पातळी स्पष्टपणे वेगळी असेल, तर कमी असलेली घेऊ नये.

जुनी बाटली उघडताना बूच मोडले तर घाबरून ते सुरीने आत ढकलू नये. बाटली सरळ धरून दुसऱ्या हाताने बूच अगदी सावकाश फिरवावे. तरीही तुकडे आत पडलेच, तर कॉफीच्या कागदी गाळणीतून व्हिस्की स्वच्छ कोरड्या बाटलीत ओतावी आणि तिला दुसऱ्या बाटलीचे घट्ट बूच लावावे. अशा बाटलीतला पहिला पेला पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवावा, कारण वर्षानुवर्षे बंद असलेल्या व्हिस्कीचा सुरुवातीचा कुबट वास बहुधा तेवढ्या वेळात ओसरतो. तो त्यानंतरही राहिला, तर बूच खराब होते असे वहीत नोंदवावे आणि त्या व्हिस्कीला गुण देऊ नयेत.