कोकणात नेमकं कुठे राहावं? मे आणि जुलैत जागा पारखायची रीत

कुठेही राहायची मोकळीक मिळाली तर कुठे राहाल, असं विचारलं की बऱ्याच जणांच्या तोंडून पटकन ‘कोकणात’ निघतं. कोकणात म्हणजे कुठे आणि कोणत्या महिन्यात, हा पुढचा प्रश्न मात्र राहून जातो. डोळ्यांपुढे असतो तो गणपतीनंतरचा हिरवागार ऑक्टोबर किंवा डिसेंबरातली गोड थंडी. त्या दिवसांत कुठलीही जागा चांगलीच दिसते. जागेचा खरा स्वभाव कळतो तो मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. म्हणून निवडीची सगळी कामं या दोन तारखांभोवती बांधावीत.

आधी कागद

जागा बघायला निघण्याआधी एका कोऱ्या कागदावर जुलैतला एक साधा मंगळवार लिहून काढा. रविवार नको, पाहुणे नकोत. सकाळी सहाला उठल्यावर पाणी कुठून येईल, दूध कोण आणेल, कामाचा फोन कुठे बसून घ्याल, दुपारी वीज गेली तर काय, संध्याकाळी कोणाशी बोलाल, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण चालवेल. समुद्र दिवसातून किती वेळ बघणार, तेही लिहा. बहुतेकांच्या कागदावर तो अर्ध्या तासाच्या वर जात नाही. दवाखाना, बाजार आणि स्टेशन मिनिटांत मोजा, किलोमीटरमध्ये नको. घाटवळणाच्या रस्त्यावर पावसात वीस किलोमीटरला पाऊण तास सहज जातो.

चार पट्टे

कोकणची जमीन समुद्राकडून सह्याद्रीकडे जाताना ढोबळमानाने चार प्रकारची लागते आणि प्रत्येकीची खोड वेगळी.

पहिला पट्टा पुळणीलगतच्या, म्हणजे रेतीच्या किनाऱ्यालगतच्या, आगरांचा: दिवेआगर, मुरूड, आंजर्लं, गुहागर. नारळी-पोफळीची सावली, रेतीत थोडक्यात लागणारं गोडं पाणी. पण ते गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शेजारच्या रिसॉर्टने मोठा पंप लावला की तुमचीही विहीर मचूळ होऊ शकते. इथे लोखंडाला आयुष्य नाही. बिजागऱ्या, कड्या, नळ घेताना स्टेनलेस स्टील ३१६ ग्रेडचं मागा. दुकानदार सहसा ३०४ पुढे करतो, ते खाऱ्या वाऱ्यात डाग धरतं.

दुसरा खाडीकाठ. मासळी ताजी, माती कसदार, भाव जरा कमी. इथे बघायचं ते उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी. वेळ काढायचा जुना हिशोब असा: पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. दिवसा एक, रात्री एक. जुलैतल्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या आगेमागे काठावर जाऊन उभं राहा आणि पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी बघा. उधाण आणि घाटमाथ्यावरचा पाऊस एकाच वेळी आले की नदीच्या पाण्याला समुद्रात वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं. त्या पुराच्या खुणा अजून कुठल्या भिंतींवर दिसतात का बघा, आणि त्या उंचीच्या खाली काही घेऊ नका.

तिसरा सडा. मोकळा कातळ, भन्नाट वारा, सूर्यास्त, आणि थेट दारात येणारा डांबरी रस्ता. शहरातून आलेला माणूस इथेच भुलतो. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी खाली झिरपून जातं आणि मार्चनंतर वर थेंब राहत नाही. माती बोटभर. झाड लावायचं तर कातळ फोडून खड्डा करायचा आणि माती विकत आणून भरायची. वीज पडण्याची भीती उघड्यावर जास्त. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पंही आहेत. तुमच्या तुकड्यात एखादं निघालं तर त्यावर जोतं घालायचं मनातही आणू नका.

चौथा वलाटीचा, घाटाच्या पायथ्याचा: देवरूख, लांजा, फोंडाघाट, दोडामार्ग. हवा थंड, पऱ्ह्यांना (ओढ्यांना) उशिरापर्यंत पाणी. पाऊस किनाऱ्याहून कितीतरी जास्त. गवे, वानरं आणि दोडामार्गात हत्ती. भातशेती आणि केळी लावणार असाल तर आधी शेजाऱ्याच्या बागेचं काय झालंय ते विचारा. दरडीचा धोका इथे सर्वांत जास्त. घरामागच्या उतारावर भेग, वाकलेली झाडं किंवा यंदाच फुटलेला गढूळ झरा दिसला तर ती जागा सोडून द्यावी, कितीही स्वस्त असो.

आमचं मत विचाराल तर नोकरीतून निवृत्त झालेल्या किंवा घरून काम करणाऱ्या जोडप्याने तालुक्याच्या गावापासून पंधरा-वीस मिनिटांवरचा, ना सड्यावरचा ना पाण्याकाठचा, मधला उतार धरावा. कुडाळ, दापोलीच्या आसपास अशा वाड्या पुष्कळ आहेत. समुद्र अर्ध्या-पाऊण तासावर राहतो, आणि कागदावरच्या मंगळवारला तेवढा पुरतो.

मे महिना: विहीर मोजा

‘पाण्याला काही कमी नाही’ हे वाक्य कोकणात सगळीकडे ऐकायला मिळतं. ते प्रेमाने सांगितलेलं असतं, पण माप नसतं. माप असं घ्यावं. दोरीला दगड बांधून संध्याकाळी पाण्याची पातळी बघा आणि दोरीला गाठ मारा. पंप तासभर चालवा, पुन्हा मोजा. मग रात्रभर विहिरीला हात लावू द्यायचा नाही. सकाळी तिसऱ्यांदा मोजा. आठ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण १,४०० लिटर. रात्रीत पातळी एक फूट वर आली तर विहीर रातोरात तेवढं देते, असं समजा.

आता गरज. दोन माणसांना २७० लिटर. नारळाच्या एका झाडाला उन्हाळ्यात रोज ४० लिटर धरले तर वीस झाडांचे ८०० होतात. म्हणजे १,०७० लिटर. वरच्या विहिरीत हे कसंबसं बसतं. पाहुण्यांच्या चार खोल्या काढायचा विचार असेल तर बसत नाही. ही मोजणी फेब्रुवारीत केली तर काही उपयोग नाही.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सोबत ठेवा. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर २,००० ही शेवटची हद्द. खाडीजवळची विहीर मेअखेर आणि भरतीच्या वेळी तपासा. ओहोटीला गोडं लागणारं पाणी भरतीला मचूळ झालं तर ती विहीर बागेलाही धड नाही, कारण पोफळ खारं पाणी सोसत नाही.

जुलै: घराभोवती फिरा

किनारपट्टीवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. घर बघायला जायचं ते लागोपाठ तीन दिवस झड लागलेली असताना. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे हवेत.

आधी बाहेरून. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर पावसाचा मारा सर्वांत जास्त. त्या बाजूला पागोळी भिंतीपासून किमान अडीच-तीन फूट पुढे पडते का? नसेल तर दरवर्षी मिरगाआधी चुडतांची झापं किंवा जाड कापड बांधावं लागेल. जोतं दोन फुटांहून कमी असेल तर अंगणातलं पाणी उडून चिरा सतत ओला राहतो. मग आत या आणि भिंतीला तळवा लावा. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल म्हणजे पाणी जोत्यातून वर चढतंय, हे दुखणं महागडं. वरून खाली आलेला ओघळ म्हणजे कौल किंवा पन्हळ, ते सोपं. मध्येच गोल डाग असेल तर चिऱ्यांच्या सांध्यातून झड आत येतेय. बाहेरून सांधे भरले की थांबते.

छपराला मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. १०० चौरस मीटर छपराला १,५००, शिवाय फुटतुटीला शंभरेक जादा. माकडं उड्या मारून कौलं फोडतात. त्यामुळेच गावोगाव लोक पत्र्याकडे वळले. पत्रा घालायला हरकत नाही, फक्त खाली फळ्यांचं माळं हवं, नाहीतर पावसात फोनवर समोरच्याचा आवाज ऐकू येत नाही. वासे पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा भिंतीवरून मातीची बारीक नळी चढलेली दिसली की वाळवी आहे. बंद घरात वाळवी हमखास असते, त्यामुळे घाबरून परत फिरू नका. किती वासे बदलावे लागतील ते मोजा आणि किमतीत वळतं करून घ्या.

वीज जाणार हे धरूनच चाला. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीतून वापरण्याजोगी वीज साधारण १,२०० वॉट-तास मिळते. दोन जुने पंखे, तीन एलईडी दिवे आणि राउटर मिळून १९० वॉट ओढतात, म्हणजे सहा तास. तेच पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले तर भार शंभरावर येतो आणि बारा तास निघतात. पंखे बदलणं दुसऱ्या बॅटरीपेक्षा स्वस्त. मोठ्या वादळाला मात्र हा हिशोब पुरा पडत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीवर राहाट शाबूत ठेवायचं कारण हेच. घरावर झुकलेला माड असेल तर तो कितीही देखणा असला तरी मे संपायच्या आत उतरवून घ्या.

घेण्याआधी भाड्याने

अकरा महिन्यांच्या कराराने घर घ्या आणि सुरुवात मेमध्ये करा. ऑक्टोबरात सुरू केलं तर पहिले सात महिने लाडाचे जातात आणि नेमक्या पावसात करार संपतो. गावात ‘भाड्याने आहे’ अशी पाटी कुठे नसते. मालक मुंबईत, घर कुलपात. किराणा दुकानात विचारा, वाडीतल्या जाणत्या माणसाकडून मालकाचा निरोप काढा, आणि भाड्यासोबत घराची साफसफाई, कौलं चाळणं आपल्याकडे घ्या. बंद घराला नेमकं तेच हवं असतं. गणपती आणि शिमग्याला मालकाचं कुटुंब येणार, तेव्हा खोल्या कुठल्या मोकळ्या ठेवायच्या ते आधीच ठरवा. बहुतेक भांडणं याच एका गोष्टीवरून होतात.

कागदपत्रं

शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो; १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. शेतकरी नसाल तर बिनशेती भूखंड किंवा गावठाणातलं घर, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. ‘आधी घ्या, दाखल्याचं नंतर बघू’ म्हणणाऱ्या दलालाला चहा पाजून वाटेला लावा.

सातबाऱ्यावर नावं मोजा. कोकणात वीस-पंचवीस सहहिस्सेदार ही रोजची गोष्ट आहे. त्यातला एक सही करतो, दुसरा परदेशात, तिसऱ्याच्या वारसांची नोंदच नाही. सामायिक जमिनीतला एकाचा हिस्सा घेतला तर नेमका कुठला कोपरा तुमचा, हे वाटप होईपर्यंत ठरत नाही. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव, ३२ ग, कलम ४३ किंवा खाजगी वन असं काही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नव्हे. समुद्रालगत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम बघा: ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा ना-विकास पट्टा, २०१९ च्या अधिसूचनेत फार दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटर केला आहे, पण तुमचं गाव कशात बसतं ते मंजूर नकाशावरच तपासा. शेवटी वाट. पाखाडीने चालत जाता येतं, पण चिऱ्यांचा ट्रक जाईल का, आणि ती वाट नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची? पैसे देण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी चारही शेजाऱ्यांना बोलवा. हद्दीचा गडगा (दगडी बांध) कोणी, कधी सरकवला ते तिथेच बाहेर येतं.

आजारपण

विंचू-सापाची भीती शहरातल्या माणसाला असते त्यापेक्षा कमी धरा, पण बेफिकीर राहू नका. रत्नागिरी-देवगडच्या कातळावर फुरसं असतं, लहान आणि दगडाच्या रंगाचं. रात्री बॅटरी आणि बंद बूट, लाकडाच्या राशीत हात घालण्याआधी काठी. दंश झालाच तर कापू नका, आवळून बांधू नका, हात-पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. राहायला येण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती आत्ता शिल्लक आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे समोरासमोर विचारा. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शक्यता डॉक्टरांना तुम्हीच सांगा. दोडामार्ग-बांद्याकडे जानेवारी ते मे माकडतापाचे, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचे दिवस. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. मोठ्या दुखण्याला सिंधुदुर्गातले रुग्ण अजूनही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात. तुमच्या दारापासून तिथवर पावसातल्या रात्री किती वेळ लागतो, तो आकडा मंगळवारच्या कागदावर लिहा. त्या एका आकड्याने कित्येक जागा यादीतून आपोआप गळतात.