ओळखीनं लागलेली नोकरी आधी कागदावर आणा: कोल्हापुरात नव्यानं येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवून मी जत तालुक्यातून कोल्हापूरला आले आणि पहिल्या आठ दिवसांत खोली, मेस, नोकरी सगळं मिळालं. सगळं ओळखीनं. मामांच्या मित्राच्या चुलतभावाचं शिरोलीत मशीन शॉप होतं. ‘पोरगी आपलीच हाय’ एवढ्या शब्दावर मी सोमवारी क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, उभी राहिले. माझ्या वर्गातल्या पुण्याला गेलेल्या मुली तेव्हा अजून बायोडाटे वाटत फिरत होत्या.

या आकाराच्या शहराचं हे बळ खरं आहे, ते नाकारू नका. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, सगळे कारखाने एकमेकांत गुंतलेले. एकाकडं कास्टिंग ओततात, दुसरा मशीनिंग करतो, तिसरा त्याच्यासाठी पॅटर्न बनवतो. मशीन लावून देणारा चांगला सेटर कुठून कुठं गेला, हे चार दिवसांत सगळीकडं कळतं. तुम्ही मन लावून काम केलंत तर तेही कळतं. मला पुढं दोनदा कामासाठी बोलावणं आलं ते त्यामुळंच.

पण माझी २६ महिन्यांची नोकरी याच ओळखीत बुडाली. म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

पगार दर महिन्याच्या दहा तारखेला पाकिटातून मिळायचा. कधी उशीर नाही, कधी कमी नाही. नेमणूकपत्र नव्हतं, पगाराची स्लिप नव्हती, पीएफ कापत नव्हते. सुरुवातीला एकदा विचारलं तर उत्तर आलं, “कागद कशाला पायजे, आपण हाय की.” मला ते पटलं. तिसऱ्या वर्षी कागलच्या एका मोठ्या कारखान्यात मुलाखतीला गेले. तोंडी परीक्षा चांगली झाली. ड्रॉइंग वाचलं, बोअर गेज लावून दाखवलं. मग समोरच्यांनी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, विचारला, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि अनुभवाचं पत्र मागितलं. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या फॉर्मवर माझ्यापुढं ‘फ्रेशर’ लिहिलं गेलं. ती चौकट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

परत येऊन अनुभवाचं पत्र मागितलं. ‘देऊ की’ म्हणत तीन आठवडे गेले. मग मामांचा फोन आला, “त्यांनी तुला उभं केलं आणि तू त्यांच्याकडं कागद मागतीस?” आपण कुठं अडकलोय ते मला त्या दिवशी कळलं. परक्या कंपनीत पत्र मागणं हे कामाचं बोलणं असतं. ओळखीच्या ठिकाणी ते तीन घरांतलं वाकडेपण होतं. म्हणून पहिल्याच दिवशी मागा. पहिल्या दिवशी ती रीत असते, दोन वर्षांनी तोच कागद मागितला की अविश्वास वाटतो.

काय मागायचं? एक, नेमणूकपत्र: हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा मागताना ओशाळू नका. दोन, पगार बँकेत. निदान स्टेटमेंटवर दर महिन्याची नोंद तरी राहते. तीन, पीएफ. साधारण २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तो लागू होतो. तुमचे १२ टक्के कापतात, मालकही तेवढेच घालतो. यूएएन १२ आकडी असतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. त्यामुळं स्लिपवर कपात दिसली म्हणून निवांत बसू नका, उमंग ॲपवर पासबुक उघडून भरणा दिसतो का ते बघा. कपात आहे आणि भरणा नाही, असंही होतं. १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयचंही, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या सरकारी विम्याचं, विचारा. आणि तुमचं नाव कंपनीच्या पटावर आहे की ठेकेदाराच्या, हे नक्की विचारा. माझ्या मैत्रिणीला हे वर्षभर माहीत नव्हतं.

शॉप सात-आठ माणसांचं असेल तर पीएफ लागू नसेल, ते ठीक. तरी पत्र आणि बँकेतला पगार सोडू नका.

दोन महिन्यांत सीएनसी, ‘१०० टक्के नोकरी’ असल्या क्लासला पैसे भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा सरकारी नोंदणी असलेली अप्रेंटिसशिप धरा. स्टायपेंड कमी वाटेल, पण करार नोंदलेला असतो आणि शेवटी प्रमाणपत्र हातात येतं. गुरू म्हणाल तर नोकरी लावून देणारा नातेवाईक आपोआप गुरू होत नाही. मला शिकवलं ते आमच्या शॉपमधल्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टर काकांनी. मायक्रोमीटर वापरण्याआधी शून्य तपासायचं, भट्टीजवळून आलेला गरम जॉब लगेच मोजायचा नाही, आणि रिजेक्शन लिहिताना कुणाचा चेहरा आठवायचा नाही. असा माणूस सापडला तर दोन हजार कमी पगारावरही तिथं थांबा. कागद मात्र तिथंही घ्या.

खोलीचं थोडक्यात. भाडं विचारायच्या आधी शेजाऱ्याला विचारा, “२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि शिरोलीजवळ हायवेच बंद झाला. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली इकडं खोली स्वस्त मिळाली तर हा प्रश्न आधी. राजारामपुरीत भाडं जास्त आहे, पण मी तिथं पावसाळ्यात निर्धास्त झोपले.

आणि एकटं वाटेल. इथं सगळ्यांची तालीम ठरलेली, फुटबॉलची टीम ठरलेली, घरं पिढ्यान् पिढ्यांची. पहिलं वर्ष मी रविवारी रंकाळ्यावर एकटीच बसायचे. मग १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भरली आणि तिथं बोलणारी माणसं भेटली. दुसऱ्या वर्षी मेसवाल्या मावशी न विचारता ताटात पांढरा रस्सा जास्त वाढायला लागल्या. वेळ लागतो, पण हे शहर माणसाला धरून ठेवतं.

मी पुढं दुसरीकडं ट्रेनी म्हणून लागले, वयानं लहान मुलांबरोबर. त्रास झाला. आज पासबुकात सलग नोंदी आहेत आणि मामांशी बोलणंही पूर्ववत आहे. तुम्ही आत्ता पाकिटावर काम करत असाल तर मागची वर्षं उकरत बसू नका, या महिन्यापासून सुरू करा. आधी फक्त बँकेत पगार मागा, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मालकाकडं थेट जायला जड वाटत असेल तर एक तारखेला, पाकिटं भरायच्या आधी, हिशेब बघणाऱ्यांच्या टेबलापाशी जा. खाते नंबर आणि आयएफएससी कोड चिठ्ठीवर लिहूनच न्या.