आंब्यावरचा करपा आणि भुरी: जैविक आणि रासायनिक औषधं जोडीनं कशी वापरावीत

ट्रायकोडर्मा हे जैविक औषध म्हणजे स्वतःच एक बुरशी आहे. म्हणून कार्बेन्डाझिमसारखं रासायनिक बुरशीनाशक रोगाच्या बुरशीबरोबर तिलाही मारतं, आणि दोन्ही एकाच पंपात ओतली की जैविकाचे पैसे वाया जातात. खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाळाभर झाडं भिजलेली असतात. तिथं एकट्या जैविकावर विसंबून चालत नाही, आणि नुसत्या रसायनानं जमिनीतली चांगली बुरशी टिकत नाही. ट्रायकोडर्मा मातीला, रसायन फांदीला, एवढी वाटणी पक्की ठेवा.

आंबे उतरले की आधी छाटणी. करप्याची बुरशी वाळक्या काटक्यांवर मुक्काम करते आणि पावसाच्या थेंबांबरोबर खालच्या पानांवर उतरते. वाळलेली फांदी जिवंत लाकडात चार बोटं आत घेऊन कापा, काटक्या बागेबाहेर नेऊन जाळा.

कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवा, मग तिसऱ्या बादलीत एकत्र ओतून लाकडी काठीनं ढवळा. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. आणखी घाला, नाहीतर साल भाजेल. ही परीक्षा कधीच टाळू नका.

ट्रायकोडर्मा पहिल्या पावसानंतर द्या. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो पावडर मिसळून ढीग सावलीत ठेवा, ओल्या पोत्यानं झाका, अधूनमधून पाणी शिंपडून चाळवा. पंधरा दिवसांत खतावर हिरवट बुरशी दिसू लागते. हे खत बुंध्याला न लावता फांद्यांच्या घेराखालच्या ओल्या मातीत मिसळा. त्याच्या आधी-नंतर पंधरा दिवस मुळाशी बुरशीनाशक ओतू नका. पुडा घेताना मुदत बघा आणि तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. आतली बुरशी जिवंत असायला हवी.

मोहोर निघाला की भुरीची पाळी. तुरे बोटभर झाले की १० लिटर पाण्यात ८० टक्केवालं विद्राव्य गंधक २० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. कडक उन्हात गंधकानं मोहोर करपतो. पंधरा दिवसांनी पांढरी भुकटी दिसलीच तर हेक्झाकोनाझोल ५ टक्के, लिटरला १ मिली. मोहोर पूर्ण फुललेला असताना थांबा, तेव्हा माश्या परागीभवन करत असतात. मधल्या काळात स्यूडोमोनास (जिवाणूंचं जैविक औषध) फवारायचं असेल तर रासायनिक फवारणीपासून आठवड्याचं अंतर ठेवा, आणि मोरचुदासारख्या तांब्याच्या औषधाचा पंप साबणानं धुतल्याशिवाय त्यात भरू नका.

लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. कळलं नाही तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात पुडा घेऊन जाऊन विचारा.